जर्मनीहून मागवलेल्या खुंट्या आणि साडेआठ हजारांचं बिल

हे लिहायचं कारण एवढंच की नोव्हेंबरातल्या त्या दहा-बारा दिवसांत मी रात्री लेक झोपल्यावर मोबाईलवर शोधत बसायचे की कस्टम्सचं बिल नेमकं वाचायचं कसं, आणि सापडायचं ते सगळं कंटेनर मागवणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी लिहिलेलं. घरी एक छोटं खोकं मागवणाऱ्या माणसासाठी मराठीत काहीच सापडलं नाही. तर जे झालं ते तारखेनुसार लिहिते, आकडे बिल समोर ठेवून लिहिलेत.

माझ्या आत्याचं व्हायोलिन आहे, जुनं, जर्मन बनावटीचं. आत्या गेल्यावर ते माझ्याकडे आलं आणि आता माझी मुलगी त्यावर शिकते. गेल्या पावसाळ्यात खुंट्या सरकायला लागल्या, म्हणजे सूर लावून पाच मिनिटं होत नाहीत तोवर तार उतरलेली. बुधवार पेठेत वाद्यं दुरुस्त करणारे एक काका आहेत त्यांच्याकडे नेलं. त्यांनी खुंटी काढून भिंगाखाली धरली आणि मला दाखवली, एका बाजूने लाकूड झिजून चकाकत होतं, दुसऱ्या बाजूने जसंच्या तसं. म्हणाले, "ताई, तारा इथे मिळतील, पण या उताराच्या खुंट्या माझ्याकडे नाहीत, आणि भोक मोठं करून दुसऱ्या बसवल्या तर वाद्याचं नुकसान." मुलीची मध्यमाची परीक्षा डिसेंबरात होती. त्यांनीच मापं लिहून दिली, मी एका जर्मन दुकानाच्या साईटवर शोधलं आणि मिळाल्या.

२९ ऑक्टोबर २०२५, बुधवार, ऑर्डर केली. खुंट्यांचा सेट ३४ युरो, टेलपीस (तारा खालच्या टोकाला अडकवायची पट्टी) २२ युरो आणि पोस्टेज एकदाच जातंय तर म्हणून तारांचे दोन सेट ९२ युरो. एकूण १४८. आधी यादीत १७६ युरो दिसत होते, पत्त्यात भारत टाकल्याबरोबर १४८ झाले, कारण युरोपाबाहेर माल जात असेल तर तिकडचा १९ टक्के व्हॅट काढून टाकतात. मला इतका आनंद झाला की पुढे इथे टॅक्स लागणार हे लक्षातच आलं नाही. खरं तर चेकआउटच्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की आयात शुल्क ग्राहकाने भरायचं, मी ते नंतर पाहिलं. पोस्टेज ३९ युरो, म्हणजे सगळे मिळून १८७. क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन चालू करावे लागले. कार्डाला बँकेचा साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप (परदेशी चलनाच्या व्यवहारावरचा चार्ज) लागला आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, सगळं धरून स्टेटमेंटमध्ये साधारण १९,९६० रुपये आले. हा पहिला न दिसणारा खर्च, जवळपास आठशे रुपये.

३१ ऑक्टोबरला दुकानाने पाठवल्याचा मेल आला आणि ४ नोव्हेंबरला मंगळवारी पार्सल मुंबईत. मला वाटलं गुरुवारपर्यंत घरी येतंय. त्याच दुपारी एसएमएस आला की तुमचं शिपमेंट क्लिअरन्ससाठी थांबलंय, केवायसी अपलोड करा, खाली लिंक.

आता हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहितीय की "तुमचं पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय" असं सांगून किती लोकांना फसवलंय. आमच्याच सोसायटीत एका आजोबांना असा फोन आलेला, व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दाखवून दोन तास बसवून ठेवलेलं. त्यामुळे मी लिंक उघडलीच नाही, आणि तुम्हीही उघडू नका. दुकानाच्या मेलमध्ये जो ट्रॅकिंग नंबर होता तो घेतला, कुरियरची साईट स्वतः टाईप करून उघडली, तिथे नंबर टाकला तर तिथेही केवायसी पेंडिंग दिसलं. मग खात्री पटली. कस्टम्सचा अधिकारी कोणाला फोन करून यूपीआयवर पैसे मागत नाही, आणि कस्टम्सकडून काही कागद आलाच तर त्यावर डीआयएन नंबर, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, असतो तो सीबीआयसीच्या (कस्टम्स चालवणाऱ्या केंद्रीय मंडळाच्या) साईटवर तपासता येतो. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करायचा.

केवायसीला आधार, पॅन, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र यातलं चालतं. मी आधार दिलं, आणि ६ तारखेला ते रिजेक्ट झालं. मधे ५ ला गुरुनानक जयंतीची सुट्टी होती म्हणून एक दिवस तसाच गेला, त्या संध्याकाळी आम्ही त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे बघायला गेलो होतो तेव्हाही मी दर दहा मिनिटांनी स्टेटस बघत होते. रिजेक्ट व्हायचं कारण पत्ता. आधारवर अजून निगडीचा पत्ता आहे आणि आम्ही राहतो कोथरूडला भाड्याने. पार्सलवरचा पत्ता ओळखपत्राशी जुळत नसेल तर राहत्या पत्त्याचा वेगळा पुरावा लागतो. लाईटबिल घरमालकांच्या नावावर, मग रजिस्टर केलेलं भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट स्कॅन करून टाकलं, त्यात माझं नाव आहे म्हणून चाललं. ज्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर फक्त नवऱ्याचं नाव असेल त्यांनी सरळ नवऱ्याच्या नावानेच मागवा, दोन दिवस वाचतील. आणि आधारच्या कॉपीवर "फक्त अमुक शिपमेंटच्या केवायसीसाठी" असं लिहून तारीख टाकून सही करा, ही सवय मी आता सगळीकडेच लावून घेतलीय.

१० नोव्हेंबर, सोमवार. ऑफिसमध्ये असताना मेसेज आला, ड्युटी आणि चार्जेस मिळून ८,६५६ रुपये भरा, मग डिलिव्हरी. अठ्ठेचाळीस तासांत भरले नाहीत तर स्टोरेज चार्ज सुरू होईल.

मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. वीस हजाराच्या मालावर साडेआठ हजार. हात गार पडले खरंच. आमच्या घरात एवढी रक्कम सहज बाजूला पडलेली नसते, आणि हे सगळं मी नवऱ्याला "स्वस्तात मिळालं" म्हणून सांगितलेलं. त्या रात्री मनात आलं की नकोच ते पार्सल, परत पाठवा म्हणावं. पण परत पाठवायचाही खर्च आपल्याच माथी येतो आणि दुकान पोस्टेज परत देत नाही, म्हणजे खुंट्याही गेल्या आणि पैसेही.

मंगळवारी हेल्पलाईनला फोन केला, पस्तीस मिनिटं थांबल्यावर एक मुलगी बोलली. ती म्हणाली मॅडम ही गव्हर्मेंट ड्युटी आहे, यात आम्ही काही करू शकत नाही. मी विचारलं सगळीच्या सगळी रक्कम सरकारची आहे का? तर म्हणाली हो. ते चुकीचं होतं. म्हणजे ती खोटं बोलली असं मी म्हणत नाही, तिच्या स्क्रीनवर बहुतेक एकच आकडा दिसत असणार. पण माझ्यासारख्या किती जणांनी ते ऐकून गपचूप पैसे भरले असतील याचा विचार करून मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात, निवृत्त झालेत, आयुष्यभर न्हावा शेवाला एका सीएचएकडे कामाला होते. सीएचए म्हणजे कस्टम्स हाऊस एजंट, आता कागदोपत्री कस्टम्स ब्रोकर म्हणतात पण बोलताना सगळे सीएचएच म्हणतात. त्यांना मेसेज दाखवला. त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला आणि म्हणाले, "एसएमएसवर भांडून उपयोग नाही. आधी बिल ऑफ एन्ट्रीची कॉपी मागव आणि कुरियरच्या फीचं इन्व्हॉइस वेगळं मागव. दोन कागद हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नकोस." या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं झालं तर हे ठेवा. पार्सल तुमच्या नावावर आयात झालंय, आयातदार तुम्ही आहात, त्यामुळे बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे त्या मालासाठी कस्टम्सकडे भरलेला आयातीचा कागद, मागणं हा तुमचा हक्क आहे. मेल करा, विषयात एअरवे बिल नंबर (कुरियरचा ट्रॅकिंग नंबर) टाका, फोनवर मागू नका.

१२ तारखेला सकाळी मेल केला, १३ ला संध्याकाळी दोन पीडीएफ आल्या. काकांच्या डायनिंग टेबलवर प्रिंट पसरून बसलो, काकूंनी चहा ठेवला.

फीचं इन्व्हॉइस सोपं होतं. ड्युटी अ‍ॅडव्हान्स फी ७५०, क्लिअरन्स प्रोसेसिंग ४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २०७, एकूण १,३५७ रुपये. म्हणजे हे १,३५७ सरकारचे नाहीत (जीएसटी सोडून), कुरियर कंपनीचे आहेत. काकांनी समजावलं, माल पटकन सुटावा म्हणून कुरियरवाले तुमच्या वतीने ड्युटी आधी स्वतः भरतात किंवा भरायची व्यवस्था करतात आणि मग तुमच्याकडून घेतात, त्या उसनवारीची आणि कागदपत्रांची ही फी. ती बहुतेक ठिकाणी ड्युटीच्या काही टक्के किंवा ठराविक किमान रक्कम, यातलं जे जास्त असेल ते, अशी असते. मला किमान रक्कमच लागली होती. याचा अर्थ असा की दोन हजाराची वस्तू मागवली असती तरी मला हेच १,३५७ लागले असते. छोटी ऑर्डर म्हणून छोटा खर्च हा हिशोब कुरियरच्या बाबतीत चालत नाही.

मग बिल ऑफ एन्ट्री. त्यात प्रत्येक वस्तूची एक ओळ असते, वर्णन, एचएसएन नंबर (वस्तूचा प्रकार सांगणारा, ज्यावरून दर ठरतो), नग, किंमत. माझ्या वस्तूंना ९२०९ लावलेलं, म्हणजे वाद्यांचे सुटे भाग, ते बरोबर होतं. मी मागवलेल्या वस्तू तीन, आणि कागदावर ओळी चार. चौथ्या ओळीत लिहिलेलं होतं "फेरझांट, नग १, ३९ युरो". त्यालाही ९२०९.

काकांनी विचारलं हे काय मागवलंस? मी म्हटलं मला नाही माहीत. शब्द मोबाईलवर टाकला. फेरझांट म्हणजे जर्मन भाषेत पाठवणी, पोस्टेज. दुकानाच्या इन्व्हॉइसवर तीन वस्तूंखाली तशाच अक्षरात, त्याच रांगेत पोस्टेजची ओळ होती, आणि ज्याने कोणी माहिती भरली त्याने तो व्हायोलिनचा चौथा भाग समजून टाकला. मी ती ओळ बोटाने परत परत चाचपत होते. एवढ्या एका शब्दासाठी दोन रात्री झोप नव्हती.

आता यामुळे नेमकं काय बिघडलं ते सांगते, कारण हे कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं. कस्टम्स ड्युटी फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तू, विमा आणि वाहतूक तिन्ही धरून जी किंमत होते, जिला सीआयएफ म्हणतात, तिच्यावर लागते. याचे नियम २००७ चे आहेत, त्यातला दहावा नियम बघायचा. विमान-वाहतुकीचा खर्च प्रत्यक्ष कितीही असला तरी वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. विमा किती ते माहीत नसेल तर १.१२५ टक्के धरतात. माझ्या वस्तू १४८ च्या, पोस्टेज ३९ दिलेलं, पण नियमाने त्यातले २९.६० च धरायचे, विमा १.६७, एकूण १७९.२७ युरो. यांनी काय केलं, १८७ हीच वस्तूंची किंमत धरली आणि त्यावर परत २० टक्के वाहतूक ३७.४० आणि विमा २.१० लावला. झाले २२६.५० युरो. पोस्टेज दोनदा मोजलं गेलं. युरोचा दरही आपला बँकेचा नसतो, सीबीआयसी महिन्यातून दोनदा कस्टम्ससाठी वेगळा दर जाहीर करते तो लागतो, माझ्या बिलात १०४ रुपये होता.

२२६.५० गुणिले १०४ म्हणजे २३,५५६ रुपये. त्यावर बेसिक ड्युटी १० टक्के २,३५६. मग समाजकल्याण अधिभार, तो ड्युटीच्या १० टक्के, २३६. आणि मग या सगळ्याची बेरीज करून त्यावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), ४,७०७. करावर कर असा चढत जातो म्हणून १० अधिक १८ म्हणजे २८ टक्के होत नाहीत, ३०.९८ टक्के होतात. एकूण ७,२९९. बरोबर हिशोबाने किंमत १८,६४४ आणि ड्युटी ५,७७५ यायला हवी होती. फरक १,५२४ रुपयांचा.

काका म्हणाले पैसे भरायच्या आधीच दुरुस्त करून घे, एकदा भरून माल सुटला की मग रिफंड. कस्टम्स कायद्यात रिफंड आहे, कलम २७ खाली एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो, पण सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये आयटीसीच्या खटल्यात सांगितलंय की मूळ असेसमेंट (ड्युटीची आकारणी) बदलून घेतल्याशिवाय रिफंड मागता येत नाही. म्हणजे दीड हजारासाठी आधी असेसमेंट बदलून घ्यायची खटपट, घरगुती माणूस तिथेच हार मानतो.

१४ ला शुक्रवारी मी तीन गोष्टी केल्या. जर्मन दुकानाला मेल केला की इंग्रजीत नवीन इन्व्हॉइस द्या, वस्तूंची बेरीज वेगळी आणि पोस्टेज वेगळं. त्यांनी त्याच दिवशी संध्याकाळी पाठवलं आणि माफीही मागितली, खरंच भली माणसं. दुसरं, ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट काढला ज्यात पोस्टेज वेगळं दिसतंय. तिसरं, कुरियरच्या क्लिअरन्स विभागाला मेल लिहिला, काकांनी सांगितला तसा, सहा-सात वाक्यांचा. चौथी ओळ ही वस्तू नाही, वाहतूक खर्च आहे, सोबत पुरावे, त्यामुळे कलम १४९ खाली बिल ऑफ एन्ट्रीत दुरुस्ती करून सुधारित ड्युटी कळवा, तोपर्यंतचं स्टोरेज माझ्याकडून घेऊ नये कारण चूक माहिती भरण्यात झालीय. राग आलेला होता पण मेलमध्ये आणला नाही. काका म्हणाले रागाचा मेल बाजूला पडतो, आकड्यांचा मेल पुढे जातो.

याच दिवसांत माझी नणंद फोनवर म्हणाली, अगं दुकानाला सांगायचं ना गिफ्ट लिहा आणि किंमत कमी टाका. हे बऱ्याच जणांना वाटतं म्हणून लिहिते. पूर्वी पाच हजारापर्यंतची भेट विनाशुल्क यायची, ते डिसेंबर २०१९ पासून बंद झालं, आता राखी आणि जीव वाचवणारी औषधं सोडली तर भेटीवरही ड्युटी आहे. आणि किंमत खोटी टाकली तर माल जप्त होऊ शकतो आणि दंड वेगळा. शिवाय पार्सल हरवलं तर विम्याचे पैसे त्या खोट्या किमतीएवढेच मिळणार. नकोच ते.

शनिवार-रविवार गेला. १७ ला उत्तर आलं की असेसमेंट झाल्यावर बदल होत नाही, कृपया पेमेंट करा. मी खचले जरा. मुलगी रोज विचारायची आलं का गं, आणि उतरणाऱ्या तारा परत परत चढवत रियाज करायची. दर दोन मिनिटांनी थांबून कानाशी वाद्य धरून खुंटी आत दाबायची, तिच्या अंगठ्याला वळ पडलेला. ते बघून मी परत बसले आणि त्याच मेलला उत्तर दिलं की माल अजून सुटलेला नाही, कलम १४९ मध्ये माल सुटल्यानंतरसुद्धा त्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदांच्या आधारे दुरुस्ती करता येते, माझं मूळ इन्व्हॉइस तर पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे आहे, तर दुरुस्ती नाकारत असाल तर तसं कारणासह लेखी द्या. सीसीमध्ये त्यांच्या नोडल ऑफिसरचा मेल टाकला, तो कंपनीच्या साईटवर तक्रार निवारणच्या पानावर खाली सापडतो. यापुढे गरज पडली असती तर कुरियरच्या सेवेबद्दल ग्राहक हेल्पलाईन १९१५ आणि कस्टम्सबद्दल सीपीग्राम्स (केंद्र सरकारची तक्रारींची साईट) या दोन वाटा होत्या, पण तिथवर जावं लागलं नाही.

१९ ला दुपारी एक फोन आला, सहारच्या टर्मिनलवरून, कुरियरच्या क्लिअरन्समधला माणूस, मराठीच होता. म्हणाला, "मॅडम, तो जर्मन शब्द आमच्या मुलाला कळला नाही, सॉरी. इंग्लिश इन्व्हॉइस बघितलं, साहेबांकडून दुरुस्ती करून घेतली." मला इतकं बरं वाटलं की मी त्याला दोनदा थँक यू म्हटलं. फीबद्दल विचारलं तर म्हणाला ती ठरलेली आहे, त्यात हात लावता येत नाही. बरं म्हटलं. स्वतःचा कस्टम्स ब्रोकर नेमायची सोय असते, पण एका खोक्यासाठी त्याची फी यापेक्षा जास्त होईल.

२० नोव्हेंबरला, गुरुवारी, नवीन रक्कम आली. ड्युटी ५,७७५ अधिक फी १,३५७, एकूण ७,१३२. कुरियरच्या साईटवर जाऊन भरली, पावती डाऊनलोड केली. शनिवारी २२ ला सकाळी साडेदहाला खोकं दारात. डिलिव्हरीवाल्याने पैसे मागितले नाहीत, मागितले तर पावती दाखवायची. खोकं उघडायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढले, एका कोपऱ्यावर कस्टम्सने उघडून परत लावलेली टेप होती पण आत सगळं नीट होतं.

सगळा खर्च एकत्र लिहिते म्हणजे अंदाज येईल. कार्डावर १९,९६०, ड्युटी ५,७७५, कुरियर १,३५७, एकूण २७,०९२ रुपये. साईटवर दिसलेल्या १४८ युरोंचे सरळ हिशोबाने पंधरा हजार झाले असते. तारा मी इथूनच घ्यायला हव्या होत्या, हे आता कळतं. त्यांच्यामुळे ड्युटी दुपटीहून वाढली. पुढच्या वेळी फक्त जे इथे मिळतच नाही तेवढंच मागवेन, आणि चेकआउटला "ड्युटी भरलेली" असा पर्याय आहे का ते आधी बघेन. काही दुकानं आधीच सगळं घेऊन टाकतात, महाग दिसतं पण आकडा आधी कळतो. साध्या पोस्टाने पाठवत असतील तर तेही विचारा, मुंबईत बॅलार्ड इस्टेटला विदेश डाक भवन आहे तिथे ड्युटी लागते आणि पोस्टमन दारात घेतो. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने पुस्तकं तशी मागवली होती, तिला वेळ जास्त लागला पण कुरियरसारखी अ‍ॅडव्हान्स फी लागली नाही. तसंच पुस्तकांचा दरही वेगळा, २०१९ च्या बजेटपासून छापील पुस्तकांवर ५ टक्के बेसिक ड्युटी आहे, त्यामुळे तिचं बिल माझ्या बिलाशी ताडून बघण्यात अर्थ नव्हता. आपल्या वस्तूचा एचएसएन काय आणि त्याला काय दर लागतो एवढं ऑर्डर करायच्या आधी शोधा, पाच मिनिटांचं काम आहे. कधीकधी वस्तूचा स्वतःचा नंबर न लावता "वैयक्तिक वापराच्या वस्तू" म्हणून ९८०४ हा एकच नंबर सगळ्याला लावतात, त्याची बेसिक ड्युटी २०२६ च्या बजेटमध्ये २० वरून १० टक्के केलीय, १ एप्रिल २०२६ पासून. तुमच्या बिलात कुठला लावलाय ते बघा, आणि दुसऱ्या नंबरचा दर कमी असेल तर भरायच्या आधी विचारा.

अजून एक राहिलं. ३ डिसेंबरला परत मेल आला, स्टोरेज चार्ज ६०० अधिक जीएसटी, ७०८ रुपये बाकी. पार्सल येऊन अकरा दिवस झाल्यावर. बऱ्याच जणांना असं मागाहून बिल येतं असं काका म्हणाले, आणि बरेच जण घाबरून भरतात. मी जुन्या मेलच्या साखळीतच उत्तर दिलं, १४ तारखेचं माझं वाक्य आणि १९ तारखेच्या फोनचा दिवस-वेळ लिहिली, चूक तुमच्याकडून झाल्याचं फोनवर मान्य केलंय एवढं नमूद केलं. १७ डिसेंबरला क्रेडिट नोट आली, ७०८ रुपये माफ.

खुंट्या बुधवार पेठेतल्या काकांनी २५ नोव्हेंबरला बसवल्या. एकेक खुंटी खडूची पूड लावून फिरवून बघत होते, परत काढत होते, कानसेने हलकंसं घासत होते, चार खुंट्यांना दोन तास. त्यांनी सातशे रुपये घेतले. परीक्षेच्या दिवशी मुलीने सूर लावला आणि तास संपेपर्यंत खुंटीला हात लावावा लागला नाही, असं तिने बाहेर आल्याआल्या आधी सांगितलं, पेपर कसा गेला ते नंतर.